शेजारची सीट

गाडी फाटकातून आत आली तेव्हा आई अंघोळीला गेली होती, आणि ते बरंच झालं असं थोरल्याला वाटलं. ती बाहेर येईपर्यंत गाडीत काहीतरी खोट काढायची आणि ती विकायला आलेल्या चष्मेवाल्याला वाटेला लावायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

खोट काढणं हा त्याचा रोजचाच धंदा. बाबांच्या मागे आईबरोबर ड्रायव्हिंग स्कूल त्याने चालवलं होतं आणि गावभर त्याला मास्तर म्हणत. पण गाडी आली तीच अशी, की त्याचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. पिवळीधमक. जमिनीला पोट लावून चालल्यासारखी बुटकी, पुढे लांबलचक नाक आणि दारं दोनच. अंगणात स्कूलच्या तिन्ही गाड्या डोक्यावर पाट्या घेऊन उभ्या होत्या, त्या हिच्या शेजारी एकदम कारकुनासारख्या दिसायला लागल्या. चष्मेवाल्याने आतून कळ दाबली. बॉनेटमधले दोन दिवे झोपेतून उठल्यासारखे वर आले.

"अगं बाई, ही तर आपल्याकडे बघतेय!" थोरल्याची बायको ऑफिसच्या दारातून ओरडली.

"तू आत जा. फोन वाजतोय."

"कुठे वाजतोय?"

त्याची धाकटी बहीण तोवर गाडीभोवती दोन फेऱ्या मारून मोकळी झाली होती. हे सगळं तिचंच कारस्थान. ती दुसऱ्या शहरात राहायची, लोकांचे आखडलेले हातपाय मोकळे करून द्यायचं काम करायची. गेल्या महिन्यात आईने शिकवणं सोडलं आणि किल्ल्यांचा जुडगा थोरल्याच्या हातात दिला, तेव्हापासून आईला रोज काहीबाही पाठवत राहायचं असं तिने ठरवलं होतं. मांजरांची चित्रं पाठवली, बागा पाठवल्या. मग एक दिवस गंमत म्हणून ही जाहिरात पाठवली. जुनी जपानी स्पोर्ट्स कूपे, एकाच मालकाने वापरलेली, तातडीने विकणे. मांजरांना आईने कधी उत्तर दिलं नव्हतं. जाहिरातीला लगेच दिलं: कधी दाखवतो ते विचार.

"दाराखाली गंज आहे," थोरला वाकून म्हणाला.

"आहे," चष्मेवाला म्हणाला. "जाहिरातीत लिहिलाय."

"छपराचा रंग उडालाय."

"तोही लिहिलाय, मास्तर."

"मग राहिलं काय लिहायचं?"

"चालते कशी ते. ते लिहिता येत नाही हो."

तेवढ्यात आई आली. केस ओले, खांद्यावर पंचा तसाच. ती पायरीवर थांबली आणि गाडीकडे नुसती बघत राहिली. चष्मेवाला एकदम ताठ उभा राहिला. बाजारात त्याचं स्वतःचं चष्म्यांचं दुकान होतं, डोक्यावरचे केस विरळ झाले होते, तरी तो असा उभा राहिला की जणू उशिरा आल्याबद्दल आता बोलणी बसणार.

"बाई, ओळखलंत का?"

"तू रिव्हर्स घेताना जीभ बाहेर काढायचास."

"आता नाही काढत."

"काढतो," सून म्हणाली. "आत्ता फाटकातून वळताना काढली होती."

"का विकतोस?" आईने विचारलं.

"जुळी झाली, बाई. मागे नुसती पिशवी ठेवण्यापुरती फळी आहे. एकाला बायको मांडीवर घेईल, दुसऱ्याला काय डिकीत ठेवू? ती म्हणाली, ही तरी घरात राहील नाहीतर मी तरी. मी जरा विचार करायला लागलो तर तिने सरळ जाहिरातच दिली." त्याने बॉनेटवरून हात फिरवला. "काल एक दातांचे डॉक्टर बघून गेले. त्यांना पसंत आहे. दुपारी न्यायलाच येणार होते. पण तुमचा फोन आला म्हटल्यावर मी म्हटलं, आधी बाई."

थोरल्याला त्या न बघितलेल्या डॉक्टरबद्दल एकदम माया वाटली. "बरोबर आहे," तो म्हणाला. "ज्याने आधी पसंत केली त्याला—"

"चला, बाई, एक चक्कर मारून बघा," चष्मेवाला म्हणाला.

आईने पंचा धाकटीच्या हातात दिला, गाडीला वळसा घातला, दार उघडलं आणि आत बसली. चष्मेवाला क्षणभर तसाच उभा राहिला. मग तोही बसला, स्टिअरिंगसमोर. गाडी घुमली आणि फाटकाबाहेर गेली. अंगणात उभ्या असलेल्या माणसांपैकी कुणालाच काही चुकलंय असं वाटलं नाही. वाटलं ते फक्त सुनेला, आणि तेही गाडी दिसेनाशी झाल्यावर.

"अहो," ती म्हणाली, "आई कुठे बसल्या?"

*

आईला स्वतःला ते अजून कळलंच नव्हतं.

तिने पट्टा लावला. मागचं दिसावं म्हणून वरचा जादा आरसा सरळ करायला हात वर नेला, तर तिथे आरसा नव्हता. "मागे बघितलंस?" ती म्हणाली. "सिग्नल. आता क्लच, सावकाश."

"हो बाई."

चष्मेवाला अठरा वर्षं ही गाडी चालवत होता. पण बाई शेजारी बसल्या आणि त्याचे हात आपोआप स्टिअरिंगवर शिकवल्या जागी गेले. कोपऱ्यावर तो नको तितका थांबला. पुढे गतिरोधक आला तेव्हा आईचा पाय तिच्या आधी उठला आणि खाली आदळला. खाली नुसतं जाजम. गाडी गचका खाऊन पुढे गेली.

"ब्रेक नाही इथे," आई म्हणाली.

"नाही, बाई. ही स्कूलची नाही."

रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंची गोदामं संपली, पुढे सरळ हायवे. आई म्हणाली, "चौथा टाक आता."

"बाई, अजून तिसऱ्यातच जीव आहे. जरा ऐका."

त्याने पाय दाबला. आरपीएमचा काटा आईने जन्मात जिथे बघितला नव्हता तिथे चढला, आणि आवाज बदलला. इतका वेळ गाडी गुरगुरत होती, ती आता गायला लागली. आईची पाठ सीटमध्ये रुतली. ती मोठ्याने हसली. आपण हसतोय हे तिला स्वतःच्याच कानांनी ऐकून कळलं.

"अजून आहे?"

"आहे, बाई!"

"मग थांबलास कशाला!"

परत आली तेव्हा तिचे ओले केस सगळे एका बाजूला गेले होते आणि गाल लाल झाले होते. दार उघडून तिने आधी चौकट धरली, मग सीटची पाठ, मग पुढे आलेल्या धाकटीचा खांदा, आणि उभी राहिली.

"काय गाडी आहे!" ती म्हणाली. "काय चालते!"

"आई," सून म्हणाली, "पण तुम्ही चालवलीत कुठे?"

आईने उघड्या दाराकडे बघितलं. मग पलीकडच्या दाराकडे. चष्मेवाला तिकडून उतरत होता, त्याच्या हातात किल्ली होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तिथेच राहिलं, पण त्यातला जीव गेला.

*

चष्मेवाल्याच्या हातात चहा देऊन त्याला अंगणात बसवलं आणि घरातले चौघे ऑफिसात शिरले.

"झालं," थोरला म्हणाला. "उत्तर मिळालं. गाडी घ्यायला निघालेलं माणूस स्टिअरिंगकडे जातच नाही."

"सवय आहे ती," सून म्हणाली.

"मी तेच म्हणतोय. पस्तीस वर्षांची सवय. आणि आई, तू आयुष्यभर साध्या गाड्या शिकवल्यास. ही मागच्या चाकांवर चालते. ओल्या रस्त्यावर जरा पाय जास्त पडला की शेपूट फिरवेल."

"मला शिकवू नकोस," आई म्हणाली. पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

"दादा म्हणतोय त्यात तसं काही चूक नाही," धाकटी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"तू?" सून म्हणाली. "अहो वन्सं, सकाळपासून तुम्हीच तर नाचत होतात!"

"नाचत होते. पण आत्ता ती उतरताना बघितली ना मी. मी दिवसभर गुडघेच बघते, वहिनी. आई, इतक्या खाली रोज बसायचं, रोज उठायचं..."

"उठायचं कशाला? मी त्यातच राहीन," आई म्हणाली.

कुणी हसलं नाही. थोरल्याने बहिणीकडे बघून मान हलवली, तिनेही हलवली. बाबांच्या आजारपणात कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं यावरून ही दोघं जी फाटली होती, ती अजून एका वाक्यावर एकत्र आली नव्हती. आज आली, ती आईच्या विरुद्ध.

सुनेने हे बघितलं आणि हातातली कपबशी टेबलावर ठेवली.

"मग मी आईंच्या बाजूने."

"तू काल रात्री म्हणालीस, या वयात हे काय खूळ!" थोरला म्हणाला.

"काल मी गाडी बघितली नव्हती. आणि गाडीचं सोडा. लग्न होऊन आल्यापासून ह्या घरात मी एकदा तरी धड गाडी चालवलीय का, ते सांगा."

"रोज चालवतेस!"

"मी चालवते? मी फक्त स्टिअरिंग धरते. ब्रेक तुमचा असतो. घरची म्हणून जी गाडी आहे ती पण स्कूलचीच, तिला पण शेजारी ब्रेक. मी पाय उचलायच्या आत तुमचा दाबून झालेला असतो. परवा बाजारात जाताना मांजर दिसलं तर ह्यांनी कचकन गाडी थांबवली. वन्सं, ते मांजर फुटपाथवर बसलं होतं! उठलं पण नाही. आम्हीच त्याच्याकडे बघत बसलो, मागून लोक हॉर्न मारतायत आणि हे म्हणतात, आलं असतं."

"आलं असतं तर?"

"तर मी थांबवली असती ना! मलाही पाय आहे!"

धाकटीला हसू आवरेना. थोरला लाल झाला. आई मात्र खिडकीतून बाहेर बघत होती. अंगणात चष्मेवाला रुमालाने गाडीची काच पुसत होता. विकायची गाडी कुणी इतक्या सावकाश पुसत नाही.

ती आपल्याशीच हिशोब लावत होती. लग्नानंतर नवऱ्याने तिला गाडी शिकवली, परवाना मिळवून दिला, आणि बायका शिकायला येतील म्हणून शेजारच्या सीटवर बसवलं. बायका आल्या, पुरुष आले, पुढे त्यांची मुलं आली. घरची माणसं कुठे निघाली की नवरा चालवायचा, ती शेजारी. तो गेला, मग मुलगा चालवायचा, ती शेजारी. अर्ध्या गावाने तिच्या जिवावर स्टिअरिंग धरलं. तिने धरलं ते कसं धरायचं हे दाखवण्यापुरतं, आणि लगेच दुसऱ्याच्या हातात दिलं. शिकवणं सोडलं तेव्हा घरच्यांना वाटलं, थकली. थकली नव्हती ती. तिला एकदा तरी तिची स्वतःची गाडी हवी होती, आणि त्या गाडीत चालवणाऱ्याखेरीज कुणाचा ब्रेक नको होता. पैशाचा प्रश्न नव्हता, तिचे तिच्याकडे होते. प्रश्न होता तो मघाशी अंगणात दिसला. तिचे पाय तिला विचारून चालत नव्हते.

"किती वाजता येणार तो दातवाला?" तिने विचारलं.

"बारा," धाकटी म्हणाली.

"वेळ आहे." ती थोरल्याकडे वळली. "चल. आता मी चालवते. तू बस शेजारी."

"बसतो," थोरला म्हणाला. "पण आधीच सांगतो. घ्यायचीच म्हणालीस तर दुसरा ब्रेक बसवायचा. उद्याच्या उद्या मी बसवून देतो. मग माझं काही म्हणणं नाही."

खिडकीत चष्मेवाल्याचं डोकं उगवलं. "मास्तर," तो काकुळतीला येऊन म्हणाला, "काहीही करा, पण असं करू नका हो."

*

शेजारच्या सीटवर बसल्या बसल्या थोरल्याचा उजवा पाय पुढे सरकला, ब्रेक शोधायला लागला. त्याने तो मागे ओढला.

आईने सीट पुढे घेतली, आरसे आपल्यासारखे केले. गाडी सुरू केली आणि क्लच सोडताच ती बेडकासारखी उडी मारून बंद पडली. फाटकाशी उभ्या तिघांचे चेहरे पडले.

"क्लच वर धरते ही," थोरला म्हणाला. "अर्ध्याच्या वर सोड. मग—"

"तू गप्प बसशील?"

दुसऱ्यांदाही बंद पडली. तिसऱ्यांदा आईने चप्पल काढली, मागच्या फळीवर टाकली, आणि अनवाणी पायाने क्लच असा सोडला की गाडी निघालीय हे थोरल्याला फाटक मागे पडलं तेव्हा कळलं.

पहिला कोपरा. समोरून सायकल. थोरल्याचा पाय खाली आदळला. गाडी थांबली नाही. आईने सायकलला जागा ठेवून वळण घेतलं. पुढे गतिरोधक, त्याचा पाय पुन्हा आदळला, आणि आईने वेग आधीच उतरवलेला होता. भाजीबाजाराच्या तोंडाशी एक बाई पोराला ओढत रस्ता ओलांडायला निघाली, त्याचा पाय तिसऱ्यांदा गेला, इतक्या जोरात की पोटरीत गोळा आला.

"काय झालं?" आईने विचारलं.

"काही नाही. गोळा."

"ताण पाय."

त्याने ताणला. आणि पोटरी चोळता चोळता त्याच्या लक्षात आलं की तीनही वेळा त्याने काहीच थांबवलं नव्हतं. तीनही वेळा गाडी जिथे थांबायची तिथे थांबली होती, वळायची तिथे वळली होती. त्याने मान वळवून आईकडे बघितलं. असं तो कधी बघत नसे, शेजारी बसलेल्याने रस्ता बघायचा असतो. तिचे ओठ किंचित हलत होते. मागे बघ, सिग्नल, क्लच. ती स्वतःलाच शिकवत होती. आणि मधूनच, एखादं वळण नीट जमलं की, तिचा चेहरा असा उजळायचा की हे बघायला आपण इथे नको होतो असं त्याला वाटलं.

पोस्टाचा कोपरा आला.

ही स्कूलची जुनी जागा. परवाना हातात पडला की विद्यार्थ्याला शेवटची एक फेरी मिळायची, बाबांनी घालून दिलेली. शिकवणारा पोस्टाच्या कोपऱ्यावर उतरायचा आणि काही न बोलता घराकडे चालू लागायचा. गाडी विद्यार्थ्याने एकट्याने घरी आणायची. माणसं रडायची, देवाचं नाव घ्यायची, काही तर उतरून मास्तरांच्या मागे पळत यायची. आईने इथे शेकडो माणसं सोडली होती. थोरल्यालाही तिनेच सोडलं होतं.

तिला कुणी सोडलं होतं का? त्याने आठवून बघितलं. बाबांनी तिला शिकवलं तेव्हा स्कूल नव्हतं, विद्यार्थी नव्हते, ही पद्धतही नव्हती.

"इथे घे," तो म्हणाला.

"का? चुकलं काही?"

"घे बाजूला."

तिने घेतली. आरसा बघून, सिग्नल देऊन, फुटपाथला अगदी समांतर. थोरल्याने पट्टा सोडला आणि दार उघडलं. उतरताना चौकट धरावी लागली, मग सीटची पाठ. गुडघा कटकन वाजला.

"अरे, बोल तरी!" आई म्हणाली.

तो दार लावून चालू लागला.

मागे बराच वेळ नुसता इंजिनचा आवाज होता, जागच्या जागी. तो वळून बघत नव्हता. वळून बघायचं नाही, हे त्यातलं सगळ्यात अवघड. मग पहिला गिअर पडला. गाडी त्याच्या बाजूने पुढे आली तेव्हा खिडकीची काच खाली होती आणि आईचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. तिचे डोळे भरलेत की ती हसतेय हे त्याला दिसेपर्यंत ती पुढे गेली होती. घराकडे वळायचा रस्ता आला, आणि पिवळी गाडी न वळता सरळ निघाली.

*

घरी पोचायला थोरल्याला चांगला वेळ लागला. पोटरी दुखत होती. फाटकाशी तिघं उभी होती.

"अहो, तुम्ही चालत?" सून पुढे आली. "आई कुठायत?"

"पोस्टाशी उतरलो."

धाकटीने त्याच्याकडे बघितलं. तिलाही एकदा तिथेच सोडलं होतं, ती रडत गाडी घेऊन आली होती. तिने पुढे होऊन त्याच्या दंडाला धरलं, जोरात, लहानपणी चिमटा काढायची तसं.

"आईच्या गुडघ्यांचं काय?" थोरला म्हणाला.

"मी बघेन की. मी कशासाठी शिकले?"

"पण, मास्तर," चष्मेवाला हायवेच्या दिशेला मान लांब करून बघत होता, "यायला पाहिजे होत्या एव्हाना. वळल्या ना त्या?"

"नाही. सरळ गेली."

चष्मेवाल्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने नाव बघितलं. "डॉक्टर आहेत. निघाले असतील. काय सांगू?"

"येऊ नका म्हणून सांग," थोरला म्हणाला.

"बाईंना विचारायला नको?"

"विचार. सापडली तर."

चष्मेवाल्याने फोन कानाला लावला. "डॉक्टर, नमस्कार. नाही हो, आता नका येऊ... नाही, किमतीचं काही नाही... कुठे आहे म्हणजे? ते मलाही माहीत नाही." सून तोंडाला पदर लावून हसायला लागली. त्याने फोन ठेवला आणि रस्त्याकडे बघत राहिला. लांबून कुठूनतरी एक बारीक आवाज आला, चढत गेला आणि एकदम गायला लागला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून धाकटीने मान फिरवली.

"तिसऱ्यातच ठेवलीय," तो म्हणाला.

आवाज लांब लांब जात ऐकू येईनासा झाला.

"टाकीत पेट्रोल किती आहे?" थोरल्याने विचारलं.

"फुल आहे. दाखवायची म्हणून सकाळीच भरली."

"मग आत चल," थोरला म्हणाला. "जेवूनच जा."